पापणी लवण्याची अट : वेब सुगम्यतेत अपंगत्वाचे वर्ग कसे घडले

१/१८
३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाच्या मुळाशी अगदी छोटी कृती होती : पापणी मिटणे आणि उघडणे. डिजिटल केवायसी करताना समोर जिवंत माणूस आहे, छायाचित्र नव्हे, याची खात्री व्हावी म्हणून कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करण्यास सांगितले जाते. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या, परंतु डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या याचिकाकर्त्यांना ते शक्य नव्हते. एका दृष्टिहीन याचिकाकर्त्याचे प्रकरणही याच निकालात होते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

२/१८
या प्रकरणातील विसंगती अशी की, कायद्याने या व्यक्तींची दखल आधीच घेतली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत ॲसिड हल्ल्याने बाधित व्यक्तींचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र तो 'चलनवलनविषयक अपंगत्व' या शीर्षकाखाली, कुष्ठरोगमुक्त, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा ऱ्हास यांच्या शेजारी येतो. 'चलनवलन' हा शब्द वाचून केवायसीचे ॲप बांधणाऱ्या अभियंत्याला पापणी आठवण्याचे काहीच कारण नव्हते. यादीत नाव होते आणि दार तरीही बंद होते. हे कसे घडते, हे समजण्यासाठी अशा याद्यांचाच इतिहास पाहावा लागतो. ('अपंगत्व' आणि 'दिव्यांग' या शब्दांविषयीचा वाद १६ व्या भागात येईल. तोवर जुना, सर्वपरिचित शब्द वापरला आहे.)

३/१८
भारतात अशी यादी प्रथम मोठ्या प्रमाणावर तयार झाली ती जनगणनेसाठी. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या ब्रिटिशकालीन जनगणनांत शारीरिक-मानसिक व्यंगांची नोंद होत असे. त्यांतील मुख्य वर्ग होते वेडसर, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी. १९४१ मध्ये ही नोंद थांबली. १९८१ मध्ये ती तीन प्रकारांपुरती परतली, २००१ मध्ये पाच प्रकार झाले आणि २०११ मध्ये आठ. २०११ च्या गणनेत सुमारे २ कोटी ६८ लाख व्यक्तींची, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्क्यांची नोंद झाली. या साऱ्या याद्यांचा प्रश्न एकच होता : ही व्यक्ती कोण आहे? त्या व्यक्तीला कोठे काय अडते, हे विचारणे जनगणनेच्या कक्षेत नव्हते.

४/१८
वर्गाचे नाव चुकले की समजही चुकते, याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण 'मूकबधिर' हे होय. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बांधल्या गेल्या आहेत : ऐकू न येणे आणि बोलता न येणे. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीचा स्वरयंत्राशी संबंधित अवयव बहुधा निर्दोष असतो. ध्वनी कानी न पडल्यामुळे बोलीभाषा शिकणे कठीण जाते, इतकेच. म्हणूनच मराठीत शिक्षक आणि पालक यांच्या वर्तुळात 'कर्णबधिर' हा शब्द हळूहळू रूढ झाला. वेबसाठी हा फरक थेट व्यवहाराचा आहे. कर्णबधिर प्रेक्षकाला चलचित्राखाली मथळे हवेत. ज्याला बोलणे कठीण आहे, त्याला आवाजी आज्ञेवर चालणाऱ्या सेवेला पर्याय हवा. दोन वर्ग एक मानले, तर यांपैकी एक गरज हमखास विसरली जाते.

५/१८
'व्यक्ती कोण?' या प्रश्नाला पहिला मोठा धक्का ब्रिटनमध्ये बसला. 'युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन' या अपंग कार्यकर्त्यांच्या संघटनेने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत शरीरातील उणीव आणि समाजरचनेने लादलेले अपंगत्व असा स्पष्ट भेद केला. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला त्याचे पाय अडवत नाहीत, कचेरीच्या पायऱ्या अडवतात, असा त्याचा आशय. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८० मध्ये व्यंग, अक्षमता आणि त्यातून येणारी सामाजिक अडचण असे तीन स्तर वेगळे केले, पण तिची मांडणी वैद्यकीयच राहिली. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी कार्यकर्त्यांच्या भूमिकेला 'सामाजिक प्रतिमान' हे नाव दिले. वेब जन्माला येण्यापूर्वीच त्याच्या परिभाषेतील मूळ वाद असा सुरू झाला होता.

६/१८
टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेले वेब १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेबाहेर खुले झाले, तेव्हा ते जवळजवळ केवळ मजकुराचे होते. मजकुराचे रूपांतर यंत्राच्या आवाजात किंवा ब्रेलमध्ये होऊ शकते. म्हणून आरंभीचे वेब दृष्टिहीन वापरकर्त्यांना तुलनेने मोकळे होते. १९९३ मध्ये मोझॅक हा ब्राउझर आला आणि मजकुराच्या मधोमध चित्रे दिसू लागली. लवकरच पानांवरील बटणे आणि शीर्षकेही चित्ररूप झाली. आवाजात वाचणाऱ्या यंत्राला चित्रापाशी काहीच सांगता येईना. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये चित्राला पर्यायी मजकूर जोडण्याची सोय अंतर्भूत होती, परंतु ती वापरण्याची सक्ती कोणावर नव्हती. तंत्र पुढे गेले आणि त्याच पावलासरशी काही वाचक बाहेर राहिले.

७/१८
याच काळातील एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा. किशोरवयात काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित आणि मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथे १९९४ मध्ये त्यांनी 'ॲस्टर' या प्रणालीवर प्रबंध पूर्ण केला. गणिती मजकूर केवळ ओळीने वाचून दाखवण्याऐवजी त्याची रचना आवाजाच्या चढउतारांतून ऐकू यावी, अशी ती प्रणाली होती. कानाने समीकरण वाचणाऱ्याला घातांक कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे कळणे आवश्यक असते. 'अंध' हा शब्द यातील काहीच सांगत नाही. वाचकाला कोणती क्रिया करायची आहे, हे विचारल्यावरच ते हाती लागते.

८/१८
नियम लिहिण्यास सुरुवात झाली ती १९९४ च्या ऑक्टोबरात शिकागो येथे झालेल्या वेब परिषदेनंतर. तेथील भाषणात बर्नर्स-ली यांनी अपंग वापरकर्त्यांचा विषय काढला होता. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रातील ग्रेग व्हँडरहायडन यांनी जानेवारी १९९५ मध्ये पहिली मार्गदर्शिका तयार केली. १९९७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 'वेब ॲक्सेसिबिलिटी इनिशिएटिव्ह' स्थापन केला आणि ५ मे १९९९ रोजी 'वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स' म्हणजे डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत १४ मार्गदर्शक तत्त्वे आणि तपासणीचे ६५ मुद्दे होते. ही तत्त्वे अपंगत्वाच्या वर्गांनुसार मांडलेली नव्हती. पानाने काय करावे, या क्रमाने ती लिहिली होती.

९/१८
त्याच सुमारास अमेरिकेत कायद्याची वाट वेगळ्या दिशेने जात होती. १९९८ मध्ये तेथील पुनर्वसन कायद्याचे कलम ५०८ सुधारण्यात आले आणि डिसेंबर २००० मध्ये त्याची मानके प्रसिद्ध झाली. त्यांत वापराचे सहा कार्यात्मक निकष होते : दृष्टीविना, अल्प दृष्टीने, श्रवणाविना, अल्प श्रवणाने, वाणीविना आणि हाताच्या सूक्ष्म हालचालींविना यंत्र वापरता यावे. येथे भाषेत मोठा बदल दिसतो. 'अंध व्यक्तीसाठी' असे न म्हणता 'दृष्टीची गरज न पडता' असे म्हटले गेले. वाक्याचा कर्ता माणूस न राहता यंत्र झाले. मात्र या सहांत आकलन, स्मृती, लक्ष यांचा मागमूस नव्हता. शब्दरचना पुढारलेली होती, पण यादी डोळे, कान, वाणी आणि हात यांपाशीच थांबली होती.

१०/१८
आकलनाचा वर्ग नेहमी मागे का राहिला, याचे कारण मानके तयार करण्याच्या पद्धतीत आहे. मानकातील प्रत्येक निकष तपासता यावा लागतो आणि दोन परीक्षकांचे उत्तर सहसा सारखे यावे लागते. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ असे गुणोत्तर असावे, हे यंत्राने मोजता येते. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही, हेही कळते. परंतु 'हा परिच्छेद समजण्यास सोपा आहे' हे मोजायचे कसे आणि कोणाच्या समजेने? ज्या गरजा मापात बसत होत्या, त्यांचे निकष झाले. ज्या बसत नव्हत्या, त्या सल्ल्याच्या पातळीवर राहिल्या. सल्ला न पाळणाऱ्या संकेतस्थळाला कोणी जाब विचारत नाही.

११/१८
हा वाद २००६ मध्ये उघड झाला. डब्ल्यूसीएजीच्या दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा अभिप्रायासाठी खुला असताना लिसा सीमन यांनी जूनमध्ये औपचारिक आक्षेप नोंदवला. अनेक जाणकारांनी त्याला पाठिंबा दिला. आक्षेपाचे सूत्र सरळ होते : हे मानक अध्ययन-अक्षमता आणि आकलनाच्या मर्यादा असणाऱ्यांना सामावून घेते, असा दावा मसुद्यात आहे, पण निकष तो दावा पेलत नाहीत. प्रश्न केवळ शब्दाचा नव्हता. मानकाच्या पहिल्या पानावर वर्गाचे नाव असले, तर सरकारे आणि कंपन्या तो वर्ग 'झाला' असे समजून पुढे जातात. पोकळ उल्लेखाने गरज झाकली जाण्याची ही भीती होती.

१२/१८
डब्ल्यूसीएजी २.० अखेर ११ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत अंधत्व व अल्पदृष्टी, बधिरत्व व श्रवणऱ्हास, अध्ययन-अक्षमता, आकलनाच्या मर्यादा, मर्यादित हालचाल, वाणीदोष, प्रकाश-संवेदनशीलता आणि यांची संयुगे अशी यादी आहे. तेथेच अशी कबुलीही आहे की, सर्वोच्च पातळीचे पालन करूनही प्रत्येक प्रकारच्या आणि तीव्रतेच्या अपंगत्वाची गरज भागणार नाही, विशेषतः आकलन, भाषा आणि अध्ययन या क्षेत्रांत. मानकाचा गाभा मात्र चार गुणांवर उभा राहिला : मजकूर इंद्रियांना जाणवावा, वापरता यावा, समजावा आणि निरनिराळ्या साधनांत टिकावा. अपंगत्वांची नावे प्रस्तावनेत राहिली. निकषांचे सांगाडे या चार गुणांनी धरले.

१३/१८
यादीतील 'प्रकाश-संवेदनशीलता' हा वर्ग वेगळ्याच स्वरूपाचा आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल आणि निळ्या रंगांचा वेगवान लखलखाट दाखवला गेला आणि सुमारे ६८५ प्रेक्षकांना, प्रामुख्याने मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांना तोपर्यंत कधीही झटका आलेला नव्हता. म्हणजे ते स्वतःला कोणत्याही यादीत मोजत नव्हते. कोणत्याही एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लखलखाट होऊ नये, असा निकष आज डब्ल्यूसीएजीत आहे. ज्याला स्वतःचा वर्ग ठाऊक नाही, अशा माणसाचेही रक्षण त्यातून होते. वापरकर्त्याला आधी ओळख सांगण्यास न लावणारा नियम किती दूरवर पोहोचू शकतो, हे येथे दिसते.

१४/१८
वापराच्या भाषेतील यादी युरोपच्या 'ईएन ३०१ ५४९' या मानकात २०१४ मध्ये अधिक विस्तारली. दृष्टीविना, मर्यादित दृष्टीने, रंगज्ञानाविना, श्रवणाविना, वाणीविना, मर्यादित हस्तकौशल्याने, मर्यादित पोहोचीने वापर, अशी तिची रचना आहे आणि 'मर्यादित आकलनाने वापर' ही ओळही तीत आली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सुधारित कलम ५०८ मध्येही भाषा, आकलन आणि अध्ययन यांचा निकष समाविष्ट झाला. याच्या काही वर्षे आधी रामन यांनी गूगलमध्ये 'आइज-फ्री' या नावाने अँड्रॉइड फोनसाठी काम केले होते. डोळे न वापरता फोन, असा त्या नावाचा अर्थ. ते नाव दृष्टिहीनालाही लागू पडते आणि गाडी चालवताना फोनकडे पाहू न शकणाऱ्यालाही.

१५/१८
आकलनाच्या वर्गाला ठोस निकष मिळण्यास आणखी काळ गेला. जून २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये १७ नवे निकष आले. अल्पदृष्टी, मोबाइल आणि आकलन ही त्यांची क्षेत्रे होती. २०२१ मध्ये आकलन व अध्ययनविषयक अक्षमतांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत लॉगिनविषयी निकष आला : प्रवेशासाठी पासवर्ड लक्षात ठेवणे किंवा कोडे सोडवणे हाच एकमेव मार्ग नसावा. पासवर्ड चिकटवू देणे, हादेखील तो पाळण्याचा एक मार्ग आहे. 'समजण्यास सोपे' हे मोजता आले नव्हते. 'स्मृतीची सक्ती नको' हे तपासता आले. २००६ च्या आक्षेपाला अंशतः का होईना, पण निकषाच्या भाषेत उत्तर मिळाले.

१६/१८
भारतात या काळात वाद प्रामुख्याने नावाचा झाला. मराठीत 'अपंग', 'मतिमंद' हे शब्द शाळांच्या पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर दीर्घकाळ होते. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो शासनव्यवहारात वेगाने रुळला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागाची घोषणा झाली. अनेकांना या शब्दात आदर दिसतो. 'दिव्य' म्हटल्याने दैनंदिन अडथळे झाकले जातात, असे इतरांचे म्हणणे आहे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही हा शब्द वादग्रस्त असल्याचे नोंदवले. हा वाद महत्त्वाचा आहे. मात्र दोन्ही बाजूंचे शब्द व्यक्तीलाच नाव देतात. पायरी, बटण किंवा कॅमेरा यांना ते नाव देत नाहीत.

१७/१८
कायद्याची यादीही वाढली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ झाले. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला दिलेली मान्यता त्यामागे होती. या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांसारखे रक्तविकारही आहेत. वेबच्या कोणत्याही मानकात ते नावाने आढळत नाहीत आणि त्यात विसंगती नाही. आरक्षण, निवृत्तिवेतन, प्रमाणपत्र यांसाठी राज्याला 'व्यक्ती कोण?' हे ठरवावेच लागते. आरक्षणासारख्या लाभांसाठीची ४० टक्क्यांची अट त्याच प्रश्नातून येते. ही यादी रद्द केली, तर हक्क मागण्याचा आधारच जाईल. अडचण तेव्हा होते, जेव्हा प्रमाणपत्रासाठी केलेली यादी ॲप बांधताना पुरेशी मानली जाते. भारतीय मानक ब्युरोने २०२१-२२ मध्ये युरोपीय मानकाच्या आधारे 'आयएस १७८०२' प्रसिद्ध केल्यामुळे आज देशात दोन्ही प्रकारच्या याद्या शेजारी-शेजारी आहेत.

१८/१८
आता पुन्हा पापणीकडे. ज्या युरोपीय मानकावर भारतीय मानक बेतले आहे, त्यात जैविक ओळखीसंबंधी एक छोटे कलम आहे : ओळख पटवण्यासाठी एखादे विशिष्ट जैविक लक्षण हाच एकमेव मार्ग नसावा. त्या कलमात ना ॲसिड हल्ल्याचा उल्लेख आहे, ना अंधत्वाचा, ना कोणत्याही आजाराचा. तरीही याचिकाकर्त्यांच्या अडचणीच्या सर्वांत जवळ जाणारे वाक्य तेच होते. कायद्याच्या २१ प्रकारांत त्यांचे नाव असल्याने त्यांना न्यायालयाचे दार ठोठावता आले. केवायसीचे दार उघडण्यासाठी मात्र 'दुसरा मार्ग असावा' हेच सांगावे लागले. पापण्यांच्या उघडझापीला पर्यायी पद्धती स्वीकाराव्यात, असे न्यायालयाने आपल्या वीस निर्देशांत नमूद केले. जनगणनेच्या रकान्यांपासून येथवर येण्यास दीडशे वर्षे लागली. पुढच्या यादीत कोण सुटले आहे, हे त्या यादीच्या शीर्षकांवरून कळणार नाही. ज्याला एखादे पान उघडता आले नाही, त्यालाच ते विचारावे लागेल.